यंत्र कपाटासाठी की विद्यार्थ्यांसाठी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अनुभवाधारित शिक्षणावर भर दिला. पाठोपाठ २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्यपूरक व्यवसायांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. कागदावरील हे बदल प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात की नाही, हे मात्र एका साध्या कसोटीवर ठरते : यंत्र विद्यार्थ्याच्या हाती येते का?

बायोमेकॅनिक्स अर्थात जैवयांत्रिकी हा विषय या दृष्टीने बोलका आहे. फिजिओथेरपी, क्रीडाशास्त्र आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी या शाखांत तो पदवीस्तरावर शिकवला जातो. हालचाल होताना कोणता स्नायू केव्हा सक्रिय होतो आणि किती, हे त्वचेवर इलेक्ट्रोड लावून टिपण्याचे साधन म्हणजे इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजेच ईएमजी. संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक चॅनेलच्या बिनतारी ईएमजी यंत्रणेची किंमत लाखांत जाते. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने ती घेतलीच, तरी ती एकच असते. ती बिघडेल या धास्तीने प्रात्यक्षिक शिक्षक करतात, विद्यार्थी भोवती उभे राहून पाहतात आणि उरलेला काळ यंत्र कुलूपबंद असते.

दुसरीकडे, गेल्या दीड दशकात चित्र बदलले आहे. अमेरिकेतील बॅकयार्ड ब्रेन्सने शिक्षणासाठी सोपे जैवसंकेत संच बाजारात आणले. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्जने ‘बायोअँप ईएक्सजी पिल’ हे छोटेसे सर्किट आराखड्यासह खुले केले. आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडून, काही हजार रुपयांत एका गटासाठीचा संच उभा राहू शकतो. साहजिकच, एका महागड्या यंत्राऐवजी दहा साधे संच घेणे अध्यापनाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे ठरते.

मात्र ‘स्वस्त’ एवढाच निकष लावला, तर फसगत अटळ आहे. त्वचेवरून मिळणारा ईएमजी संकेत काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंतचा, म्हणजे अत्यंत क्षीण असतो. त्यातील उपयुक्त भाग साधारण २० ते ४५० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. तो विश्वासार्हपणे नोंदवायचा, तर सेकंदाला किमान १००० नमुने घ्यावे लागतात. कॅनडाच्या थाल्मिक लॅब्जचा ‘मायो’ हा दंडपट्टा एकेकाळी अनेक प्रयोगशाळांत लोकप्रिय होता; पण तो सेकंदाला २०० नमुनेच देत असे, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचा संकेत त्यात धडपणे उमटतच नसे. शिवाय २०१८ मध्ये त्याची विक्री थांबली. एकाच कंपनीच्या बंदिस्त यंत्रणेवर प्रात्यक्षिके बेतण्यातला धोका यातून दिसतो.

दुसरा निकष अधिक महत्त्वाचा. काही स्वस्त सेन्सर मूळ संकेत न देता त्याचा गुळगुळीत केलेला आलेखच देतात. रोबोटचा हात हलवण्यासाठी तो पुरेसा असतो, शिकवण्यासाठी नव्हे. वजन धरून ठेवलेला दंड थकू लागतो, तेव्हा स्नायुतंतूंतून विद्युतलहर जाण्याचा वेग मंदावतो आणि संकेताची वारंवारता खाली सरकते. थकवा असा डोळ्यांदेखत मोजता येणे हे या विषयातील सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक आहे. पण ते मूळ संकेताशिवाय अशक्य आहे. दोन व्यक्तींचे आकडे थेट का ताडता येत नाहीत आणि ते प्रत्येकाच्या कमाल आकुंचनाच्या टक्केवारीत का मांडावे लागतात, हेही विद्यार्थ्याने स्वतः गणित केल्यावरच उमगते.

तिसरा निकष सुरक्षिततेचा. शरीराला जोडलेले उपकरण बॅटरीवर चालणारे असावे आणि लॅपटॉप चार्जरविना वापरावा. त्याने ५० हर्ट्झची घरगुती विजेची घरघरही कमी होते. इलेक्ट्रोड एकदाच वापरायचे असतात. त्यांचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात धरला नाही, तर सहा महिन्यांत संच निरुपयोगी होतात. स्पिरिटने त्वचा पुसणे, दोन इलेक्ट्रोडमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवणे या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवरच नोंदीचा दर्जा अवलंबून असतो. त्या पाहून नव्हे, करून व चुकूनच शिकता येतात.

अर्थात, या संचांच्या मर्यादाही स्पष्ट असायला हव्यात. चालण्यातील अनेक स्नायूंची एकाच वेळी नोंद किंवा प्रकाशनयोग्य संशोधन ही त्यांची कामे नव्हेत, आणि रुग्णाच्या निदानासाठी तर ते मुळीच वापरू नयेत. त्यासाठी महागडी यंत्रणा विद्यापीठाच्या सामायिक केंद्रात असावी व परिसरातील महाविद्यालयांना ती वेळापत्रकानुसार मिळावी.

खरी अडचण पैशांपेक्षा खरेदीच्या पद्धतीत आहे. निविदेत केवळ ‘ईएमजी यंत्र, एक नग’ असे लिहिले, की सर्वांत कमी दराची बोली जिंकते आणि गुणवत्ता नशिबावर उरते. त्याऐवजी मूळ संकेत मिळणे, सेकंदाला किमान १००० नमुने, बॅटरीवर चालणे आणि नोंदी साध्या फाइलमध्ये उतरवता येणे, या चार अटी शिक्षकांनी स्वतः लिहायला हव्यात. उद्या रुग्णाच्या गुडघ्यावर उपचार करणाऱ्या पदवीधराने निदान एकदा तरी स्वतःच्या स्नायूचा संकेत स्वतः नोंदवलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण करण्याची किंमतही आता परवडणारी आहे.