जामीन मंजूर, सुटका बाकी

‘अर्ज मंजूर. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.’ एवढे बोलून न्यायाधीश पुढच्या प्रकरणाकडे वळतात. व्हरांड्यात ताटकळलेल्या नातेवाइकांची खरी धावपळ तिथून सुरू होते. जामीनदार होतो म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्याचा सातबारा ताजा हवा, त्यावर सोसायटीचा बोजा नको. आठ-अ हवा, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती हव्यात, फोटो हवेत, प्रतिज्ञापत्र हवे. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात. यातला एक कागद कमी पडला की ‘उद्या या’. उद्या रविवार असला तर परवा.

हे फक्त गरिबाच्याच वाट्याला येते असे नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये हिंदी चित्रपटसृष्टीतल्या एका बड्या अभिनेत्याच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. जामीनदार म्हणून अभिनेत्री जुही चावला स्वतः न्यायालयात हजर झाल्या, मोठमोठे वकील दिमतीला होते. तरीही सुटकेचा आदेश आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत सायंकाळी साडेपाचच्या आत पडला नाही, म्हणून त्या तरुणाला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याची एकच रात्र गेली. ज्याच्यासाठी ना वकील धावतो ना जामीनदार, त्याचे महिने जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर कैदी होते आणि त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. जामीन मिळूनही आत राहिलेले लोक याच गर्दीत मोडतात.

दुखणे जुने आहे. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला. पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तोही नाकारला. मोतीराम खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी दंडाधिकाऱ्यांचे कान उपटले आणि गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला लावले. जिल्हा बदलला म्हणून जामीनदार खोटा ठरतो काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यानंतर 45 वर्षांनी, 31 जानेवारी 2023 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच बजावावे लागले: सुटका रखडण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे आहे, तो धरू नका. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा, असेही तेव्हा सांगितले गेले. ऑगस्ट 2024 मध्ये न्या. भूषण गवई यांच्या पीठापुढे आलेला एक आरोपी तर अनेक राज्यांतल्या तेरा गुन्ह्यांत अडकलेला. जामीन मिळत गेले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे जामीनदार आणायचे कुठून? एखाद्यासाठी जामीन राहायला जिवाभावाचा नातेवाईक किंवा मित्रच लागतो, आणि असे किती जण असतात, हे ओळखून न्यायालयाने तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील असे ठरवले.

महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या फडावर हाणामारीत अडकला, तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण येणार? नातलग त्याच्यासारखेच कोयता घेऊन दुसऱ्या कारखान्याच्या फडावर. मग न्यायालयाच्या आवारात घुटमळणारे ‘व्यवस्था करतो’ म्हणणारे लोक भेटतात. एकच माणूस दहा जणांचा जामीनदार, कागद बनावट. उघडकीला आले की न्यायालये आणखी कडक होतात आणि त्याचा जाच पुन्हा प्रामाणिक माणसालाच. बनावट जामीनदारांचा हा धंदा स्थानिक जामीनदाराच्या अटीनेच पोसला आहे, हे मान्य करायला यंत्रणा तयार नाही.

पण जामिनाची लढाई मुळात व्हरांड्यात नव्हे, अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हरली जाते. पोरगा उचलला म्हटल्यावर घरचे आधी सरपंच, मग नगरसेवक, मग ‘साहेबांच्या ओळखीचा’ माणूस गाठतात. वकील आठवतो तेव्हा रिमांड होऊन गेलेला असतो. ठाणे अंमलदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो कलमांचा: जामीनपात्र की अजामीनपात्र? जामीनपात्र असेल तर पोलीस ठाण्यातच जामीन हा हक्क आहे. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असे समजून जातमुचलक्यावर सोडावे, हे कायद्यातच लिहिले आहे. अजामीनपात्र या शब्दाने तर उगाच धडकी भरते. त्याचा अर्थ जामीन मिळत नाही असा नव्हे. तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते, इतकाच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत तर सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार निकालात 2014 मध्येच सांगून ठेवले आहे.

आणखी एक कागद मागायचा आहे, तो पोलिसांकडून. वरळीच्या मोटार अपघाताच्या खटल्यातून नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी दिली पाहिजेत आणि तीही रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी. तो कागद हातात असेल तर वकिलाला बोलायला काही उरते. ‘एमसीआर झाला की’, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली की, ‘अर्ज टाकू’ हे आपल्याकडचे ठरीव वाक्य; पण पोलीस कोठडी लागणारच हे गृहीत धरून पहिल्या दिवशी गप्प बसणारा वकील अशिलाचे नुकसान करतो. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काचा होतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज आज टाकायचा राहिला आणि उद्या दोषारोपपत्र दाखल झाले, की हक्क गेला.

वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटवरच्या चकचकीत दाव्यांपेक्षा त्या न्यायालयात रोज उभा राहणारा फौजदारी वकील बरा. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्याचा सनद क्रमांक पाहावा, फी कशाकशाची ते स्पष्ट विचारावे, पावती घ्यावी. ‘सुटला तर इतके द्या’ असा सौदा वकिलीच्या नियमांतच बसत नाही.

आणि फी परवडत नसेल, तरी माणूस वाऱ्यावर नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयांत त्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालये उघडली आहेत. ही गोष्ट किती पोलीस ठाण्यांत अटक झालेल्याच्या घरच्यांना आपणहून सांगितली जाते? जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी केंद्राने 2023 मध्ये 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. तिची माहिती बराकीपर्यंत पोहोचवण्याचे काम तुरुंग प्रशासनाचे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आहे. योजना फाईलीत ठेवून ते होणार नाही.

राज्य सरकारने आणि उच्च न्यायालय प्रशासनाने दोन गोष्टी तातडीने कराव्यात. प्रत्येक पोलीस ठाण्यातून अटकेची माहिती नातेवाइकांबरोबरच लोकअभिरक्षक कार्यालयालाही त्याच वेळी जावी. आणि जामीन मिळूनही आठवडाभरात न सुटलेल्या कैद्यांची यादी दर महिन्याला जिल्हावार जाहीर व्हावी. अशा कैद्याची खबर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची असा आदेश 2023 पासून आहेच, तेव्हा यादी नव्याने करावी लागणार नाही. तोवर वाचकांनी एक क्रमांक घरात लिहून ठेवावा: 15100. विधी सेवा प्राधिकरणाची ही मदतवाहिनी आहे आणि तिच्यावर फोन करायला कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही.