रंग कुणाचा, विमान कुणाचं?

जुन्या लढाऊ विमानांच्या वेड्यांना देश नसतो म्हणतात. 1969 च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' सिनेमात जर्मन म्हणून उडणारी विमानं स्पेनमध्ये बनलेली, आणि नाकात इंजिन ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन! स्पेअर पार्ट मिळवताना सगळे भाऊ-भाऊ. पण रंग द्यायची वेळ आली की प्रत्येकाला आपलाच झेंडा आठवतो.

बी-24 लिबरेटर घ्या. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला हे बॉम्बर मुद्दाम निकामी करून टाकले. एचएएलच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसेक विमानं उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. (मेकॅनिकलवाल्यांनो, वर्कशॉपमध्ये जॉब घासताना आठवा!) आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरपैकी बरीचशी यातलीच. एक 1981 साली ब्रिटिश संग्राहकाने घेतलं, पुढे ते अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं नि 1989 मध्ये परत उडालं. नाव काय, तर 'ऑल अमेरिकन'! नंतर 'ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट'. आपली वीस वर्षं रंगाखाली गडप.

राग येतोच. पण खरं सांगू? त्यांनी आपल्या मेलेल्या पोरांची आठवण म्हणून तो रंग दिला. आपण आपला रंग मागितला कुठे? डकोटाच्या वेळी मागितला. ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेलं ते विमान 2018 मध्ये भारतात आलं, ते व्हीपी 905 हा नंबर घेऊन. ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा नंबर. तो रंगवला तिकडच्याच लोकांनी, अगदी मन लावून.