लॅपटॉपचा सातबारा तुमच्याच नावावर आहे!

मंडळी, आज राजकारण नाही. पण विषय आपल्या जिल्ह्यातल्या घराघरातला आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

भाच्याचा लॅपटॉप. कॉलेजात मित्रांचं बघून त्यानं विंडोजच्या शेजारी उबंटू टाकलं होतं. चालू केला की आधी काळी पाटी यायची, कुठलं उघडू म्हणून विचारायची. वर्षभर बरं चाललं. आता टायपिंगचा क्लास लावला, तर क्लासवाल्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. विंडोजच्या वाट्याला जागा उरली नव्हती. "मामा, हे उबंटू काढून द्या ना, पहिल्यासारखं करा," म्हणाला.

आधी तो एका दुकानात जाऊन आला होता. तिथं उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारावा लागंल, सगळं जाईल. विंडोज प्रो टाकून देतो, सातशे रुपये." 'सगळं जाईल' म्हणजे काय? तर प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, मार्कमेमोचे स्कॅन, सगळं. आणि सातशेत मिळणारं 'प्रो' कुठलं, हे सांगायला नकोच. क्रॅक केलेलं.

माझा राग इथं आहे. त्या लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज होम आलेलं आहे. घेतानाच त्याचे पैसे बिलात गेलेत. २०१२ ला विंडोज ८ आलं, तेव्हापासून विंडोजसह विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच त्याची चावी कंपनी भरून देते. हार्डडिस्क पूर्ण पुसली तरी ती चावी जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून फुकट विंडोज उतरवा, आठ जीबीच्या पेनड्राईव्हवर घ्या, मूळ होम असेल तर होमच टाका. नेट जोडलं की ते स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे सातबारा आपल्या नावावर असताना आपण पैसे मोजून दुसऱ्याच्या रानात चोरून पेरतोय!

आणि भाच्याच्या बाबतीत तर पेनड्राईव्हसुद्धा लागला नाही. विंडोज जागेवरच होतं, फक्त शेजारी उठवायचा होता. रविवारी बसलो. मधे लाईट गेली, पण लॅपटॉपची बॅटरी फुल करून ठेवली होती. तुम्हीही ठेवा. क्रम मात्र पाळायचा, कारण माणसं क्रमातच चुकतात.

पहिलं, उबंटूतल्या आणि विंडोजमधल्या कामाच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून वहीत उतरवून घ्या. नाहीतर लॅपटॉप ती मागत बसेल आणि तुम्ही बघत बसाल. तिसरं, बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा आणि विंडोज थेट सुरू होतंय याची खात्री करा. चौथं, मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचे भाग डिलीट करा. या भागांना ड्राईव्हचं अक्षर नसतं. पण अक्षर नसलेले विंडोजचे रिकव्हरी आणि ईएफआय हे भागही तिथंच दिसतात, त्यांना हात लावू नका. साईज बघून ओळखा. पाचवं, मोकळी जागा सी ड्राईव्हच्या लगेच उजवीकडं असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'नं जोडून घ्या.

बरेच जण चौथं आधी करतात. त्या काळ्या पाटीचा, म्हणजे ग्रबचा, बराचसा भाग लिनक्सच्याच जागेत असतो. तो गेला की पुढच्या वेळी पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतं, पोरगं घाबरतं आणि लॅपटॉप काखेत मारून दुकान गाठतं. खरं तर विंडोज आत शाबूत असतं. बायोसमधला क्रम बदलला की बहुतेक वेळा चालू होतं. पण घाबरलेल्या गिऱ्हाईकाला हे कोण सांगणार?

क्रॅकवाल्या विंडोजचा मुद्दा फक्त कायद्याचा नाही. ते चालू करायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. म्हणजे दार उघडून चोराला पाट-पाणी. त्याच लॅपटॉपवर आपण बँक उघडतो, पीकविम्याचा फॉर्म भरतो, शेजाऱ्याच्या आधारचा फोटो ठेवतो. बुडालं तर एकट्याचं बुडत नाही.

आणि लिनक्सला शिव्या देऊ नका. त्याचा दोष नव्हताच. केरळमधल्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्या सी-डॅकनं बॉस लिनक्स काढलंय, त्यात मराठी आहे. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरणही जाहीर केलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जे जुने लॅपटॉप ११ घेत नाहीत, त्यांना उद्या लिनक्सच तारणार आहे. पण क्लासचं सॉफ्टवेअर एकाच सिस्टीमवर चालणार असेल, तर गरीब पोरानं निवड करायची कुठून?

म्हणून दोन मागण्या. शिकवणाऱ्यांनो, पोरांना एक्सेलसोबत बॅकअप घेणं आणि आपली मूळ सिस्टीम परत बसवणं शिकवा. एका दुपारचं काम आहे. आणि दुकानदार भावांनो, तुमच्या मेहनतीचे सातशे काय, हजार घ्या. पण आधी गिऱ्हाईकाला विचारा, "डाटा काढून ठेवू का?" आणि त्याचं त्याला अस्सल तेच टाकून द्या. जिल्ह्यात तुमचं नाव होईल.

भाच्याचे फोटो जागेवर आहेत, क्लास सुरू झालाय. रुपया लागला नाही. तुमच्या घरातल्या पोराला ही पोस्ट दाखवा, पण फॉरमॅट मारायच्या आधी!