गिरणीतली खानावळ

बंद पडलेल्या गिरणीत झकपक उपाहारगृह थाटण्याची टूम मुंबईत आता जुनी झाली. लोअर परळच्या कमला मिल किंवा मथुरादास मिलच्या आवारात गेलात तर तोच थाट दिसतो. गिलावा खरवडून काढलेल्या विटा, बिडाचे खांब, मुद्दाम उघडे ठेवलेले पाइप, वरून लोंबणारे पिवळे दिवे. आपल्या गोव्यात हेच पोर्तुगीजकालीन घरांचे झाले.

जुन्या वास्तूत हॉटेल काढू नये असे माझे म्हणणे नाही. वापरात राहते ती वास्तू टिकते, बंद ठेवली की छपरापासून कुजते. पण सजावटकार नेमके काय राखतात आणि काय टाकतात, ते पाहा. गिरणीचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि मागावरचा तुटलेला धागा दिसेल इतका उजेड दिवसभर मिळतो. त्या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. नवे मालक ती काळ्या रंगाने बुजवतात, खाली खोटे छत ठोकतात आणि भर दुपारी शंभर दिवे लावतात! शिवाय उघड्या विटा आणि उंच छप्पर यांमुळे आवाज असा घुमतो की समोरच्याशी ओरडून बोलावे लागते. चार गोणपाटाचे पडदे टांगले असते तरी भागले असते. पण गोणपाट फोटोत बरे दिसत नाही ना!

आणि जेवणाचे काय? गिरणगावात जेवण गिरणीच्या आत नव्हतेच. ते बाहेर, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत शिजे. कोकणातून एकट्या आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनी गिरणगाव पोसले. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणाऱ्या प्रेमाताई पुरव मूळच्या आपल्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर या बायांच्या चुलीही थंडावल्या. आज त्याच आवारात लोक जेवतात. भिंतीवर जुना माग टांगलेला असतो, पण त्या बायांची साधी आठवणही कुठे दिसत नाही.

दारांचेही तसेच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, १४ माणसे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या हडफड्याच्या नाइटक्लबात २५ गेली, त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगार. ती जागा काही गिरणी नव्हती. पण सजावट आधी आणि बाहेर पडायची वाट नंतर, हा विचार दोन्हीकडे एकच.

हे सगळे आठवायचे कारण पांढुर्णा आणि सौसर. मध्य प्रदेशात असूनही मराठी बोलणारा, म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा मुलूख. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कापूस आणि संत्र्यांचा हा पट्टा नागपूरला लागून आहे. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, साहेब येतात, आणि मागोमाग चांगल्या हॉटेलाची मागणी येते. कापूसपट्ट्यात जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेडी असतातच, त्यामुळे आज ना उद्या कोणीतरी तिथे लोअर परळची नक्कल करायला जाईल.

जाणाऱ्याने एवढे करावे. रुईला एक ठिणगी पुरते म्हणून जिनाच्या शेडी ऐसपैस, हवेशीर आणि रुंद दारांच्या बांधत. ती दारे कृपा करून काचेने बंद करू नयेत. गाठी चढवायचा ओटा फोडू नये, त्यावरच बाके मांडावीत. स्वयंपाकघराला धुराडे आणि बाहेर पडायला स्वतंत्र वाट द्यावी, मग विटांचा रंग ठरवावा. आणि भिंतीवर सरकीचे यंत्र टांगण्याऐवजी, जिनावर कापूस टाकणाऱ्या बायांपैकी कोणाच्या हातचा झुणका-भाकर पानात वाढावा, त्याही बायकांना तिथे बसून खाता येईल अशा भावात.