खेळ थांबला, शिकवणं सुरू झालं

मैत्रिणींनो, लग्नाआधी तुम्ही काय खेळत होतात? खो-खो? कबड्डी? शाळेच्या संघात होतात का? मग त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र आज कुठे आहे? बहुतेकींचं उत्तर एकच असणार. माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली! खेळणं सुटलं की तो विषयच मिटला, असं आपण धरून चालतो. म्हणून आज एका अशा बाईची ओळख करून देते, जिने मैदान सोडलं पण खेळ सोडला नाही.

तिचं नाव जेराल्डिन हीनी. जन्म उत्तर आयर्लंडमधला, 1967 सालचा. ती अगदी तान्ही असतानाच आईवडील कॅनडात टोरांटोला येऊन स्थायिक झाले. तिथे हिवाळ्यात चहूकडे बर्फ, आणि बर्फावर खेळायचा खेळ म्हणजे आइस हॉकी. आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच तिथल्या घराघरांतलं वेड!

आता हा खेळ असतो तरी कसा? चेंडूऐवजी जाड रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी. एका वेळी दोन्हीकडचे सहा-सहा खेळाडू बर्फावर, त्यातला एक गोलरक्षक. वेग इतका, की खेळाडू मिनिटभरातच दमतात. ते बाहेर येतात न येतात तोच दुसरे आत उतरतात, आणि खेळ सुरूच राहतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. जेराल्डिन बचाव फळीत खेळायची. म्हणजे घर सांभाळायचं, आणि संधी दिसली की पुढे जाऊन गोलही करायचा. हे दुहेरी काम तुम्हाआम्हाला नवीन नाही, नाही का?

तेराव्या वर्षी ती टोरांटो एअरोज या मुलींच्या संघात दाखल झाली आणि थोडेथोडके नाहीत, अठरा हंगाम तिथेच खेळली. पण तो काळ कसा होता पाहा. मुलांना मोठं झाल्यावर व्यावसायिक संघ होते, पैसा होता, नाव होतं. मुलींसाठी पुढे काहीच नव्हतं. अधिकृत जागतिक स्पर्धा नाही, ऑलिंपिक नाही. त्याच टोरांटोत जस्टिन ब्लेनी नावाच्या शाळकरी मुलीने मुलांच्या संघात खेळण्याचा हक्क मागितला, तर तिला थेट न्यायालयात जावं लागलं. 1986 साली ओंटारिओच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. एका मुलीच्या खेळण्यासाठी कोर्टकचेरी! आणि आपण समजतो, मुलींना अडवण्याचे प्रकार फक्त आपल्याकडेच होतात.

अखेर 1990 साली महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा ओटावात भरली. कॅनडाच्या मुलींना गणवेश काय दिला असेल? गुलाबी! लोकांचं लक्ष वेधावं म्हणून. मला तर वाचून हसू आलं आणि रागही आला. पण एक खरं, प्रेक्षक आले. अंतिम सामन्याला जवळजवळ नऊ हजार लोक होते. अमेरिकेविरुद्ध कॅनडा सुरुवातीला दोन गोलांनी मागे. मग बरोबरी झाली. आणि मग जेराल्डिन एका बचावपटूला चकवून पुढे घुसली, पक गोलरक्षकाच्या वरून जाळ्यात घातली आणि स्वतः हवेत भिरकावली गेली. सामना कॅनडाने 5-2 असा जिंकला. तिचा तो गोल निर्णायक ठरला आणि महिला हॉकीत अजूनही त्याची आठवण काढतात. गुलाबी रंगाची चर्चा मागे पडली, खेळाची सुरू झाली.

तरी ऑलिंपिकचं दार उघडायला 1998 साल उजाडावं लागलं. जपानमधल्या नागानोला ती गेली तेव्हा तिशी गाठलेली होती. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून 3-1 अशी हार झाली आणि रौप्यपदकावर समाधान मानावं लागलं. दुसरी एखादी म्हणाली असती, बास झालं आता. ही आणखी चार वर्षं थांबली. 2002 च्या ऑलिंपिकआधी कॅनडाचा संघ अमेरिकेशी ओळीने आठ सराव सामने हरला होता. पण सॉल्ट लेक सिटीच्या अंतिम सामन्यात त्याच अमेरिकेला 3-2 असं हरवून त्याने सुवर्णपदक आणलं. जेराल्डिन तेव्हा चौतीस वर्षांची होती. 1990 ते 2001 या काळातल्या सातही जागतिक स्पर्धांत ती खेळली आणि सातही वेळा कॅनडाच जिंकला. पदक गळ्यात घालूनच तिने निरोप घेतला.

मला सांगायचं आहे ते खरं इथून पुढे. 2006 मध्ये तिने वॉटर्लू विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचं प्रशिक्षण हाती घेतलं आणि 2012 पर्यंत ते केलं. खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून जाणते. गणित आपल्याला चटकन सुटतं, पण शेवटच्या बाकावरच्या मुलीला ते का सुटत नाही हे कळायला वेगळाच धीर लागतो. शिवाय विद्यापीठाचा संघ म्हणजे वाहतं पाणी. मुली येतात, चार-पाच वर्षांत तयार होतात आणि निघून जातात. शिकवणाऱ्या बाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सामन्यात तर तिला बर्फावर पाऊलही टाकता येत नाही. कुणाला आत धाडायचं, कुणाला बसवायचं, तेवढंच तिच्या हाती.

तिच्या लहानपणी पुढची वाटच नव्हती. तिने शिकवलेल्या मुलींना मात्र समोर विद्यापीठाचा संघ दिसत होता, जागतिक स्पर्धा दिसत होती, ऑलिंपिक दिसत होतं. आणि ते सगळं स्वतः खेळून आलेली एक बाई त्यांच्याजवळ उभी होती. मानसन्मान पुढे मिळालेच. 2008 साली आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या सन्मान-दालनात पहिल्यांदाच महिला खेळाडू घेतल्या. त्या तिघींत ती होती. 2013 साली टोरांटोच्या सन्मान-दालनातही तिचं नाव लागलं.

आता आपलं पाहू. खेळाच्या तासाला मुलगे मैदानात आणि मुली भिंतीला टेकून गप्पा मारतात, हे चित्र अजून पुरतं गेलेलं नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत मुलींचा संघ आहे का, त्यांना शिकवायला कोणी बाई आहेत का, एवढं पालकसभेत जरूर विचारा. "बाई मिळत नाहीत" असं उत्तर आलं तर बिचकू नका. खो कसा द्यायचा, पाळी कशी काढायची, हे तुमच्या पायांना अजून आठवत असेल. रविवारी सकाळी तासभर कॉलनीतल्या पाच-सात मुली गोळा करा. साडीचा पदर खोचून खेळा, नाहीतर सलवार-कमीज घाला. भाजी तासभर उशिरा फोडणीला पडली तर घरचे उपाशी राहणार नाहीत, बरं का!

कुणी असं काही सुरू केलं असेल, तर पत्राने जरूर कळवा.