कर्ता, कर्म आणि रडीचा डाव

शब्दांनी खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत कोणी आगळीक केली आणि तिच्याविषयी कोणी तक्रार केली, की एक उत्तर हमखास येते : ‘शेवटी खेळच तो, पडद्यावरची चार अक्षरे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ हे उत्तर देणाऱ्याला आपण फार समंजस बोललो असे वाटत असते. आमच्या मते त्या उत्तरात समंजसपणा नाही. खेळाचे स्वरूपच न कळल्याची ती कबुली आहे. ज्या खेळात चेंडू नाही, सोंगटी नाही, पट नाही, केवळ अक्षरेच आहेत, तिथे ‘अक्षरेच तर आहेत’ असे म्हणणे म्हणजे बुद्धिबळात दुसऱ्याचा वजीर उचलून खिशात घालावा आणि वर ‘लाकडाचा तुकडाच तर आहे’ असे ऐकवावे, तसे आहे.

या खेळांचा उगम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. चित्र नाही, ध्वनी नाही. खोलीचे वर्णन वाचायचे, आज्ञा टंकायची, आणि तिचा परिणाम त्याच वेळी त्याच खोलीत असलेल्या इतर खेळाडूंनाही वाचायला मिळायचा. हा खेळ मुळीच मवाळ नव्हता : लढाईत मेलेले पात्र कायमचे मरे आणि महिनोन्‌महिन्यांची कमाई मातीला मिळे. तरीही त्यात अन्याय नव्हता. मरणाचा नियम सर्वांना ठाऊक होता, आणि वार बसला की चुकला हे आज्ञावली ठरवीत असे. वार करणारा नव्हे.

पुढे या कुळाच्या शाखा झाल्या. कोपनहेगन विद्यापीठात १९९१ मध्ये तयार झालेल्या ‘डिकूमड’ने लढाईची परंपरा चालवली. त्याआधी, १९८९ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अस्पनेस यांनी ‘टायनीमड’ लिहिला आणि गुण कमावण्याची शर्यत बाजूला ठेवून संवाद व नवनिर्मितीला जागा दिली. भूमिका वठवणे हाच ज्यांचा प्राण, असे पुष्कळसे खेळ या दुसऱ्या शाखेतून निघाले. आणि आज गप्पांच्या खोल्यांत, आळीपाळीने परिच्छेद लिहून जे खेळ चालतात, त्यांची रीतही तीच आहे. तिथे बहुतेक वेळा यंत्र पंच नसते. काय घडले, हे खेळाडूच लिहितात. आमचा वाद या खेळांपुरता आहे.

या खेळांत एक साधी आज्ञा असते. ती टंकून पुढे काहीही लिहिले, की यंत्र त्याच्या आधी खेळाडूच्या पात्राचे नाव जोडते. ‘तलवार उगारतो’ असे लिहिले की सर्वांना ‘विक्रम तलवार उगारतो’ असे दिसते. म्हणजे कर्त्याची जागा यंत्राने बांधून दिली आहे : तुझे वाक्य तुझ्याच नावाने सुरू होईल. पुढच्या वाक्यावर मात्र यंत्राचा पहारा नाही. आणि रडीचा डाव नेमका तिथेच सुरू होतो.

‘विक्रम तलवार उगारतो आणि समोरच्याच्या खांद्यावर वार करू पाहतो.’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ते प्रयत्न सांगते आणि थांबते. वार बसला का, हे समोरच्याने सांगायचे आहे. आता दुसरे वाक्य पाहा : ‘विक्रम तलवार चालवतो आणि समोरच्याचा हात तुटून पडतो.’ व्याकरणाच्या दृष्टीने इथे दोन वाक्ये आहेत. पहिल्याचा कर्ता विक्रम. दुसऱ्याचा कर्ता परक्याचा हात. शिवाय ‘तुटून पडतो’ हे क्रियापद अकर्मक. कोणी तोडला हे त्यात येतच नाही. हात जणू आपल्या मर्जीनेच गळून पडला. वार करणारा अक्षरशः नामानिराळा! या खेळाच्या परिभाषेत याला ‘गॉडमोडिंग’ म्हणतात. नाव भारदस्त आहे; परंतु त्यामागची वृत्ती देवाची नव्हे, दुसऱ्याची पाळी येण्याआधीच फासे गोळा करणाऱ्या पोराची आहे.

तमाशातील सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. कलगीवाल्याने कितीही अवघड सवाल टाकावा, प्रतिपक्षाची त्रेधा उडवावी. परंतु सवाल टाकून तुरेवाल्याचा जवाबही आपणच गाऊन मोकळे व्हावे आणि फड जिंकल्याचे जाहीर करावे, हे कोणत्या श्रोत्याने चालवून घेतले असते?

कर्त्याची ही जागा बळकावली की काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘लॅम्डामू’ या शब्दविश्वातले आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पॅव्हेल कर्टिस यांनी ते १९९० मध्ये उभारले. तो काटेकोर अर्थाने स्पर्धेचा खेळ नव्हता, पण ‘मड’च्याच कुळातला होता. तिथे १९९३ मध्ये ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने एक लहानशी आज्ञावली वापरली. तिच्यामुळे त्याने लिहिलेली वाक्ये दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावे उमटू लागली. भर दिवाणखान्यात, सर्वांच्या देखत, इतर पात्रे स्वतःवर बीभत्स आणि हिंसक कृत्ये करत असल्याचे दिसू लागले. त्या पात्रांच्या धन्यांनी त्यातले एक अक्षरही लिहिले नव्हते. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये या प्रकरणावर दीर्घ लेख लिहिला, आणि ‘शब्दांनी इजा होते काय?’ हा प्रश्न त्या दिवाणखान्याबाहेर पोहोचला.

बंगलचा अपराध अश्लीलतेचा होता असे मानणारे मूळ मुद्दा हुकवतात, असे आमचे म्हणणे आहे. अश्लील मजकूर एखाद्याने स्वतःच्या नावावर लिहिला असता तर तो ओंगळ ठरला असता. लोकांनी तोंड फिरवले असते. इथे दुसऱ्याचे क्रियापद हिरावून घेतले गेले. शब्दांच्या जगात ज्याचे क्रियापद गेले, त्याचा देहच गेला. कारण तिथे त्याला दुसरा देह नाही. परक्याचा हात तोडणारा आमचा विक्रम आणि बंगल यांच्यांत क्रौर्याचे अंतर प्रचंड आहे, आणि ते विसरणे अन्यायाचे होईल. परंतु दोघेही एकाच कुंपणावरून उडी मारतात.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो : आज्ञावली जे करू देते ते नियमात बसते. हा युक्तिवाद वकिली आहे. कुलूप नसलेल्या घरात शिरणे शक्य असते, म्हणून ते शिष्टसंमत होत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये लॅम्डामूच्या व्यवस्थापकांनी, ज्यांना तिथे ‘जादूगार’ म्हणत, जाहीर केले होते की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामे पाहू. आपसांतील तंटे रहिवाशांनी मिटवावेत. पुढच्याच वर्षी बंगल आला. सभा भरली, चर्चेचे गुऱ्हाळ चालले, निर्णय झाला नाही. अखेर एका जादूगाराने स्वतःच्या अखत्यारीत त्याला हद्दपार केले. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. आणि १९९६ मध्ये जादूगारांना पुन्हा जाहीर करावे लागले की सामाजिक निर्णयांतून अंग काढून घेणे आम्हाला शक्य नाही. ज्यांच्या हाती किल्ल्या असतात त्यांचे मौनही निर्णयच असते, हा या साऱ्याचा धडा. ‘तुमचे तुम्ही पाहून घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक खेळ-चालकाने तो पाठ करावा.

तिसरी पळवाट अधिक साहित्यिक आहे : ‘मी नव्हे, माझे पात्र दुष्ट आहे.’ पात्र खुशाल दुष्ट असावे. खलनायकावाचून कथा कसली? पण दुष्ट पात्रालाही आपले वाक्य मध्येच थांबवून दुसऱ्याची वाट पाहता येते. ते थांबणे पात्राने करायचे नसते, लेखकाने करायचे असते. बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. त्यांतल्या ‘मारेकरी’ प्रकाराचा दाखला देऊन काही जण आपल्या वर्तनाला शास्त्राचा टिळा लावतात. बार्टल यांनी मारेकऱ्यांचे वर्णन केले आहे : दुसऱ्याच्या मनस्तापातून त्यांना आनंद मिळतो. वैद्याने रोगाला नाव दिले, म्हणून रोग्याला तो पसरवण्याचा परवाना मिळत नाही.

योहान हायझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात लबाडी करणारा आणि डाव मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड खेळाडू निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो. डाव मोडणारा खेळाचे विश्वच उधळतो. गॉडमोडिंग करणाऱ्याला लोक लबाड समजून सौम्यपणे घेतात. आम्ही त्याला दुसऱ्या रांगेत बसवू. तो काहीच लपवत नाही. जिथे दोघांनी मिळून लिहायचे, तिथे तो एकटाच लिहितो. आणि दुसऱ्याला वाचक करून टाकतो.

अर्थात क्रियापदाचा हक्क एकतर्फी नाही. समोरच्याने वार अर्ध्यावर सोडून तुमच्यासाठी जागा ठेवली, तर त्या जागेचे ऋण तुमच्यावर येते. प्रत्येक वार चुकवणारा, प्रत्येक विष पचवणारा, कधीच न थकणारा नायक हाही डाव मोडणाराच. फक्त त्याने हक्काची ढाल पुढे केलेली असते. दोन पात्रांची बंद दाराआडची कुजबुज खेळाडू म्हणून आपण वाचली, आणि दारापासून कोसभर दूर असलेले आपले पात्र दुसऱ्या दिवशी त्याच कटाचा सुगावा लागल्यागत वागू लागले, तर तीही चोरी. तिला मेटागेमिंग म्हणा की आणखी काही. आणि हरण्याची वेळ येताच न सांगता उठून जाणे, यासाठी मराठीला नवा शब्द नको; ‘रडी’ पुरेसा आहे.

नियमांनी खेळ मिळमिळीत होतो, ही ओरड आम्हाला मान्य नाही. जो स्वतःच्या वाराचा निकाल स्वतःच लिहितो, त्याच्या लढाईत कसली आली धग? त्याला शेवट आधीच ठाऊक असतो. वाक्य अर्धे ठेवून ज्याला पडद्याकडे पाहत बसावे लागते, धडधड त्याच्या छातीत असते. म्हणून नव्या खेळाडूच्या हाती पन्नास कलमांची नियमावली देण्यापूर्वी चालकांनी त्याला एवढेच सांगावे : आपल्या पात्राचे नाव लिही, त्याने काय करू पाहिले ते लिही, आणि पूर्णविराम दे. त्यापुढचे वाक्य तुझे नाही. आणि जो हे तीनदा सांगूनही ऐकत नाही, त्याला खेळातून उठवताना कोणाही चालकाने ओशाळू नये.