तक्त्यात न बसणारा रकाना

दोन वस्तूंची तुलना करायची म्हटले की आपण काय करतो? कागदाच्या मधोमध उभी रेघ मारतो, डावीकडे एका वस्तूचे गुण लिहितो, उजवीकडे दुसरीचे, आणि ज्या बाजूला अधिक खुणा जमतील ती वस्तू सरस ठरवतो. ही पद्धत वाईट नाही. जाहिरातीला भुलण्यापेक्षा ती केव्हाही बरी. दहावीनंतर घरात फोन घेण्याचा विषय निघतो तेव्हा वडिलांच्या पगाराचा मोठा वाटा त्यावर खर्च व्हायचा असतो. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी दोन फोनांचा तक्ता करून दाखवते, याचे कौतुकच करायला हवे. पण या तक्त्यावर किती भिस्त ठेवावी? याविषयीचे माझे मत आज तुमच्यापुढे मांडतो.

उदाहरण मुद्दाम जुने घेतो. चालू फोनांविषयी बोलू लागलो तर प्रत्येकजण आपापल्या खिशातल्या फोनाची बाजू घेईल. निकाल लागून गेलेल्या सामन्याकडे मात्र शांतपणे पाहता येते. आपले दोन स्पर्धक २००७ सालचे आहेत. पहिला नोकिया कंपनीचा एन-९५. तो सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर झाला आणि मार्च २००७ मध्ये बाजारात आला. दुसरा ॲपल कंपनीचा पहिला आयफोन. तो ९ जानेवारी २००७ रोजी लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी २९ जूनला अमेरिकेत विक्रीस निघाला.

आता तक्ता भरू. कॅमेरा: एन-९५ चा ५ मेगापिक्सेल, आयफोनचा २. चित्रफीत घेण्याची सोय: एन-९५ मध्ये होती, आयफोनमध्ये नव्हती. उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी जीपीएस यंत्रणा: पहिल्यात होती, दुसऱ्यात नाही. तिसऱ्या पिढीचे वेगवान जाळे, म्हणजे थ्रीजी: पहिल्यात होते, दुसऱ्यात नाही. साठवणुकीचे कार्ड बदलण्याची सोय, बॅटरी स्वतः काढून घालण्याची सोय, बाहेरच्या लोकांनी लिहिलेले कार्यक्रम बसविण्याची सोय: तिन्ही पहिल्यात होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. मजकुराचा तुकडा उचलून दुसरीकडे चिकटविण्याची साधी सोयसुद्धा आयफोनला २००९ साली मिळाली. सात-आठ खुणा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मोठा पडदा व बोटाने चालविण्याची सोय एवढेच. तक्त्याच्या हिशेबाने एन-९५ सहज जिंकतो.

पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी. प्रत्येक खुणेला आपण विचारले पाहिजे, "तू नेमके काय मोजतेस?"

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. ५ हा आकडा २ च्या अडीचपट, म्हणून चित्रही अडीचपट स्पष्ट असेल असे वाटते. पण ५ मेगापिक्सेल म्हणजे २५९२ × १९४४ ठिपके आणि २ मेगापिक्सेल म्हणजे १६०० × १२०० ठिपके. हे क्षेत्रफळाचे गणित झाले. बारीक तपशील दिसणे हे एका रेषेवर किती ठिपके बसतात यावर अवलंबून असते, आणि २५९२ ला १६०० ने भागले तर उत्तर येते १.६२. म्हणजे फरक अडीचपटीचा नसून जेमतेम दीडपटीहून थोडा अधिक आहे. उलट, तक्त्यात न आलेली एक गोष्ट एन-९५ च्या बाजूची होती. त्याचे भिंग वस्तूच्या अंतराप्रमाणे आपोआप जुळवून घेत असे, तर आयफोनचे भिंग एकाच जागी पक्के होते. वहीचे पान जवळून टिपायचे असेल तर हा फरक मेगापिक्सेलच्या आकड्याहून मोठा ठरतो.

आता बॅटरी. एन-९५ ची ९५० मिलिअँपिअर-तास, आयफोनची सुमारे १४००. हा आकडा विद्युत्प्रभाराचा आहे, ऊर्जेचा नव्हे. १ मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.६ कूलोम. त्याला ३.७ व्होल्ट या विभवांतराने गुणले की ऊर्जा मिळते: पहिल्यात सुमारे १२,६५० ज्यूल, दुसऱ्यात सुमारे १८,६५० ज्यूल. मग आयफोन त्याच प्रमाणात अधिक वेळ चालेल का? एवढ्यावरून सांगता येत नाही. एन-९५ चा पडदा कर्णावर २.६ इंच, म्हणजे सुमारे २१ चौरस सेंटिमीटर. आयफोनचा ३.५ इंच, म्हणजे सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. मोठा पडदा उजळायला ऊर्जाही जास्त लागते. टाकी केवढी आहे एवढे सांगून भागत नाही, नळ किती सोडला आहे तेही सांगावे लागते.

तिसरी खूण थ्रीजीची. ही तर अगदी निर्विवाद वाटते. परंतु २००७ साली पुण्यात किंवा कोल्हापुरात ज्याच्या हाती एन-९५ होता त्याला या सोयीचा काय उपयोग होता? भारतात थ्रीजी सेवेचा आरंभच डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत झाला, आणि खाजगी कंपन्यांसाठीचा लिलाव २०१० साली झाला. सोय फोनात होती, पण तिला लागणारे जाळे बाहेर नव्हते. युरोपातल्या ग्राहकाच्या तक्त्यात जी खूण पूर्ण किमतीची होती, ती आपल्याकडे त्या दिवसांत शून्य किमतीची होती. वस्तूचा गुण बऱ्याचदा वस्तूत एकट्याने राहत नाही. वस्तू आणि तिचा परिसर मिळून तो तयार होतो.

आता मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण. दोन्ही फोनांत त्वरणमापी होता. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तेवढ्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन कलला की तुकडा किंचित सरकतो, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांशी असलेली त्याची विद्युत्‌धारकता बदलते, आणि त्या बदलावरून फोनाची स्थिती कळते. तक्त्यात दोन्हीकडे "आहे" असेच लिहावे लागेल. पण एन-९५ मध्ये सुरुवातीला त्याचे काम छायाचित्र उभे की आडवे हे ठरविणे आणि चित्रफितीतली थरथर कमी करणे एवढ्यापुरतेच होते. आयफोन आडवा धरला की पडद्यावरचे पान स्वतःच आडवे होई. मापी एकाच जातीचा, पण एकात तो पोटात दडून राहिला आणि दुसऱ्यात वापरणाऱ्याच्या हाताशी आला. "आहे" आणि "वापरात आहे" यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

पडद्याचेही तसेच. "स्पर्शाने चालतो" या चार-पाच अक्षरांत जे मावले नाही ते भौतिकशास्त्रात होते. स्पर्शाने चालणारे त्या काळचे बरेचसे पडदे दाबावर चालत. वरचा लवचीक थर दाबून खालच्या थराला टेकवावा लागे, आणि त्यासाठी बहुधा काडी वापरीत. आयफोनच्या काचेमागे पारदर्शक वाहकाचे जाळे होते. आपले बोट वाहक आहे. ते जवळ येताच त्या ठिकाणची धारकता बदलते, दाबण्याची गरज पडत नाही, आणि दोन बोटे टेकली तर दोन्ही निराळी ओळखता येतात. म्हणून दोन बोटे फाकवून चित्र मोठे करता आले. नकाशा बोटाने सरकवता येतो हे पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागले नाही. लहान मुलालाही ते जमले. "शिकायला किती वेळ लागतो" हा रकाना कोणाच्या तक्त्यात नव्हता, आणि माझ्या मते निकालाचा मोठा भाग त्याच रकान्यात लिहिलेला होता.

येथे काहीजण घाईने म्हणतील की, तक्ता फाडून टाका, अनुभव हाच खरा. तेही मला मान्य नाही. तक्त्यातल्या खुणा खोट्या नव्हत्या. थ्रीजी आणि जीपीएस आयफोनच्या पुढच्याच आवृत्तीत, जुलै २००८ मध्ये आले. बाहेरचे कार्यक्रम घेण्याची सोयही त्याच महिन्यात सुरू झाली. चित्रफीत २००९ साली आली, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०१० साली. म्हणजे एन-९५ ने ज्या गरजा ओळखल्या होत्या त्या खऱ्याच होत्या. फरक इतकाच की आयफोनमधील उणिवा एकेक भाग घालून भरता आल्या, तर एन-९५ ची उणीव त्याच्या बटणांच्या मांडणीतच होती. ती एखादा भाग वाढवून भरण्यासारखी नव्हती. नोकियाने पुढे आपला फोनांचा व्यवसाय विकला, तो व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण झाला. त्याला कारणे अनेक होती. एका फोनावर सगळा दोष टाकणे म्हणजे पुन्हा एकाच रकान्यावर निकाल देणे होईल.

हे सारे मी शहाणपणाने सांगत असलो तरी चूक मीही केली आहे. आमच्या महाविद्यालयात उपकरणे घेताना तीन ठिकाणचे दर मागवतात आणि तुलनात्मक तक्ता करतात. एका वर्षी मल्टिमीटर घ्यायचे होते. तक्ता मी केला आणि सहीही माझीच होती. सारख्याच किमतीत ज्यात तापमान, वारंवारता, ट्रान्झिस्टरची तपासणी अशा अधिक सोयी होत्या, तो मी निवडला. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांनी नेहमीप्रमाणे अँमीटर समांतर जोडणीत लावला आणि फ्यूज उडाले. जुन्या मीटरचा फ्यूज मागचे झाकण सरकवून अर्ध्या मिनिटात बदलता येई. नव्याचे चार स्क्रू काढून पूर्ण पेटी उघडावी लागे. वीस जणांच्या तुकडीत निम्मे मीटर टेबलावर उघडे पडलेले आणि मुले हात बांधून उभी, असे दृश्य कित्येक दिवस होते. ट्रान्झिस्टर तपासण्याची ती सोय आजतागायत कोणी वापरली नाही. तक्ता बरोबर होता. त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

म्हणून माझे म्हणणे असे. तक्ता जरूर करा, पण रेघ मारण्यापूर्वी तीन गोष्टी लिहा. ही वस्तू कोण वापरणार आणि कशासाठी? जो आकडा मी लिहितो आहे तो कोणत्या राशीचा आहे, आणि मला खरोखर हवी असलेली राशी तीच आहे का? आणि जी सोय "आहे" म्हणतात ती माझ्या गावी, माझ्या हातात चालेल का? शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्रकल्पाच्या वहीत तुलनेचा तक्ता दिसला की रकाने मोजून गुण देऊ नका. "यात कोणता रकाना राहून गेला?" एवढे विचारा. जो विद्यार्थी याचे उत्तर देईल, त्याला तुलना म्हणजे काय ते समजले आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात बाजूला पडलेले दोन जुने फोन शोधा. आधी त्यांचा तक्ता करा आणि कोण सरस ते लिहून ठेवा. मग फोन कधीच न वापरलेल्या आजी-आजोबांच्या हाती दोन्ही आळीपाळीने द्या, आणि तुम्हाला फोन लावायला त्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. प्रत्येक फोनावर तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. मात्र कोणता फोन आधी द्यायचा हे दर खेपेस बदला, नाहीतर पहिल्या फोनावर शिकलेले दुसऱ्याच्या नावावर जमा होईल. तुमचा तक्ता आणि तुमचे घड्याळ एकच निकाल देतात का, ते पाहा.